गाणं कोणत्या सानगडीवालीसाठी

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, जवळ आला की आधी माझी कंबर आठवण काढते, मग मी. चिखलात उतरायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलंय, आणि मी उतरत नाहीही. पण शेताच्या बांधीत पाणी साचलं, चिखलणी झाली, धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, हिरव्यागार पेंड्या बांधाच्या धुऱ्यावर येऊन पडल्या, की घरात माझा जीव लागत नाही. डोक्यावर प्लास्टिकची पन्नी घेते आणि धुऱ्यावर जाऊन बसते. बाया वाकून ओळीनं मागे मागे सरकत असतात, आणि त्यांच्यासमोर मघापर्यंत नुसता चिखल असलेली जागा हिरवी होत जाते. पुढे पाहून मागे चालायचं असं हे काम. माझं या वयात तेच चाललंय म्हणा.

यंदाही बसले. बायांनी धुऱ्यावर छत्री रोवून तिच्या दांड्याला मोबाईल टांगला होता. मोबाईलात रेडिओ ऐकायचा तर कानात घालायची वायर त्याला खोचावी लागते, तीच त्याची अँटेना, म्हणून ती वायर छत्रीच्या काडीला गुंडाळलेली. आमच्या शिवारात भंडाऱ्याचं ते लहानसं केंद्र फक्त बोडीकडच्या, तळ्याकडच्या, दोन बांध्यांत लागतं. बाकी ठिकाणी नुसती खरखर. पूर्वी या दोन बांध्यांचा रोवणा व्हायला फार वेळ लागायचा, कारण बायांचा पाय तिथून निघायचा नाही. आमचे हे म्हणायचे, हा रेडिओ मजुरी खातो. मी म्हणायची, खाऊ द्या, आपल्याच घरचा आहे.

आपल्याच घरचा म्हणजे आमची वनिता. रेडिओवर बोलायची ती. आरजे. ती नोकरीला लागली तेव्हा शेजारच्या आजीनं मला विचारलं होतं, "आरजे म्हंजे काय व? नौकरीचं नाव होय का बिमारीचं?" मी म्हटलं, बोलायची नोकरी आहे, गाणी लावायची आणि मधे मधे बोलायचं. आजी बराच वेळ विचार करून म्हणाली, "बोलन्याचा पगार भेटते? मंग तुह्या सासूले त कलेक्टरच कराले पाहिजे होतं."

वनिता फाल्गुनात गेली. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता गेली. पन्नाशीही गाठली नव्हती. तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गुंता झालाय तो सुटत नाही, म्हणून लिहायला बसले. लिहिलं की सुटतो म्हणतात. पाहू.

आधी आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. आमच्या भागात सून घरात आली की तिचं नाव माहेराच्या वेशीवरच राहतं. ती ज्या गावची, त्या गावाची होऊन जाते. मोहाडीची असली तर मोहाडीवाली, तुमसरची तुमसरवाली. सासू तशीच हाक मारते, शेजारीण तशीच, पुढे नातवंडंही तशीच विचारतात, की सानगडीवाली आजी कुठे गेली. मी सानगडीची. लग्न होऊन आंधळगावात आले आणि सानगडीवाली झाले. मग माझ्या धाकट्या बहिणीला माझ्याच दिराला दिली. एका घरात दोन सानगडीवाल्या झाल्या. सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं, ही मोठी सानगडीवाली आणि ही लहान सानगडीवाली.

लहान सानगडीवाली म्हणजे वनिताची आई. वनिता नीट चालू-बोलू लागली होती तेवढ्यात माझी बहीण काविळीनं गेली. त्यानंतर घरात कोणी मला "मोठी" म्हटलं नाही. लहानच राहिली नाही तर मोठी कशाला म्हणायचं. मी नुसती सानगडीवाली उरले, आणि वनिता माझ्या पदराखाली आली. मला ती मोठी माय म्हणायची. दिरानं पुन्हा लग्न केलं नाही, तोही पुढे गेला. तेव्हा खाऊ घातलं मी, वेण्या घातल्या मी, आणि शाळेत बोलावणं आलं तेव्हाही मीच गेले, की तुमची मुलगी वर्गात फार बोलते.

फार बोलायची हे खरंच. थंडीत आमच्याकडे नाटकं होतात, मोठा मंडप, दोन-तीन गावांची माणसं. तिथे पडदा उघडायच्या आधी माईकवर काहीबाही सांगावं लागतं. कुणाची चप्पल हरवली, कुणाचं पोरगं सापडलं. ही परकर-पोलक्यातली पोट्टी एकदा तिथे चढली आणि म्हणाली, एक लाल चप्पल सापडली आहे, दुसरी जिच्या पायात असेल तिनं लंगडत इकडे यावं. मंडपभर हसू फुटलं. त्या दिवशी तिच्या हातात माईक आला तो तिनं सोडला नाही. साकोलीला कॉलेज केलं, इकडेतिकडे नोकऱ्या केल्या, आणि भंडाऱ्याला ते केंद्र निघालं तेव्हा तिथे जाऊन बसली ती बसलीच. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ऐकणारे एवढे आहेत, आता बोलणारा कशाला आणू.

एक गोष्ट मला तेव्हाही कळली नव्हती आणि आताही कळत नाही. एवढी बोलणारी पोरगी सुट्टीला घरी आली की बोलायची नाही. यायची, चुलीजवळ पाट घेऊन बसायची, मी केलेली लाखोरीची डाळ आणि भात जेवायची, आणि गप्प. मी विचारलं, काही झालं का, तर म्हणायची, "काही नाई व मोठी माय, तू बोल, मी आयकून राहिली." मग मीच बोलत सुटायची. ती गेली की दुसऱ्या दिवशी रेडिओवर ऐकावं तर काय, "काल आईच्या हातची लाखोरीची डाळ खाऊन आले, अजून हाताला वास आहे." मी धुऱ्यावर ताठ व्हायची. आई म्हणाली ती. डाळ तर माझी होती. घरात मोठी माय आणि रेडिओवर आई. बाया चिखलातून माझ्याकडे पाहायच्या, आणि मी, मला काही ऐकूच आलं नाही असं दाखवायची.

पण मग कधी ती म्हणायची, "माझी आई रोवताना गायची, तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा." आता मी काही गात नाही. माझा आवाज असा, की मी गायले तर बगळे उडून जातील. गायची ती माझी बहीण. तिच्या गळ्यात काय होतं देव जाणे. ती गाऊ लागली की रोवणाऱ्या बायांचे हात एका तालात यायचे. म्हणजे रेडिओवरची ती आई डाळ माझ्यासारखी करायची आणि गायची माझ्या बहिणीसारखी. असं कसं? पोरीनं आम्हा दोघींना उखळात घालून एक केलं होतं की काय? आणि त्याहून घोळ म्हणजे, बहीण गायची तेव्हा डोक्याला हिरवा फडका बांधायची, तो फडका मी स्वतः पाहिला की वनिताच्या तोंडून रेडिओवर ऐकला, हेच मला आता सांगता येत नाही. वनिताला तरी तो कुठून आठवणार, ती तेव्हा केवढीशी. मग तिला मी सांगितला असेल. मग मला कुणी सांगितला? असं माझं गोल गोल फिरणं चालतं.

आता गाण्याचं सांगते. रोवण्याच्या दिवसांत वनिताचा दुपारचा कार्यक्रम बायांसाठी असायचा. कुठल्याशा गावच्या बायांकडून म्हणवून घेतलेलं रोवण्याचं एक गाणं तिच्याकडे होतं, आणि रोवणा सुरू झाला की पहिल्या दिवशी पहिलं तेच लागायचं. लावण्याआधी ती एवढंच म्हणायची, "हे गाणं सानगडीवालीसाठी." बस. कुणी पाठवलं, का पाठवलं, काही नाही. दर वर्षी.

ती सानगडीवाली मीच हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, की मी तिला कधी विचारलंच नाही. स्वतःच्या घरात कुणी विचारतं का, की हे ताट माझं आहे का? त्या दिवशी मी शेतावर बायांना चहा पाजायची. बाया टोमणे मारायच्या, की सानगडीवालीचा आज वाढदिवस आहे, चहात साखर जास्त आहे. मी हसायची. माझ्या आयुष्यात माझ्या नावानं काही आलं असेल तर ते गाणं. तेही माझ्या नावानं नाही, माझ्या गावाच्या नावानं. तरी मला ते पुरत होतं.

तेरवीच्या दिवशी हे सगळं विस्कटलं.

माणसं बरीच आली होती, आम्ही न ओळखणारीही आली होती, रेडिओ ऐकणारी. जेवणं झाल्यावर एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. काळीसावळी, हात पाण्यात राहून राहून पांढरे पडलेले. मोहाडीजवळच्या एका गावातली, ढिवराची बाई, तलावात मासे धरणारी, हिवाळ्यात शिंगाडे विकणारी. माझा हात धरून रडली. मग म्हणाली, "मी सानगडीवाली. वनूताई माह्यासाठी गानं वाजवे, दर साली."

मला आधी वाटलं, दुःखात बाई काहीतरी बोलून राहिली. मी समजावून सांगितलं, की बाई, ते गाणं माझ्यासाठी होतं, मी तिची मोठी माय, मीच सानगडीची. ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "पन मी त तिले इचारलं होतं ना. फोनवर. म्हटलं, ताई, ते सानगडीवाली म्हंजे मीच का? त म्हने, हो, तुह्यासाठीच."

पोरीनं असं खरंच म्हटलं असेल? वनिता खोटं बोलायची नाही. चेष्टा करायची, खोटं नाही.

तेवढ्यात पलीकडून भांडी आवरता आवरता एक पाहुणी बाई म्हणाली, की तुमसरकडे तिच्या नणंदेच्या गावातही एक सानगडीवाली आहे, तीही त्या दिवशी सगळ्यांना सांगत फिरते. आमच्या गावची एक फटकळ बाई लगेच बोलली, "एक गानं अन् तीन नवऱ्या. वनू गेली, आता लावा भांडनं." कुणीतरी तिला दटावलं. ढिवराची बाई उठली, पदर सावरला, आणि जाता जाता मला म्हणाली, "तुमचंच असंन माय. तुमच्या घरची होती. मले त कोनी कधी काही धाडलं नोहोतं, म्हनून मले वाटलं."

तिनं ते गाणं असं मला देऊन टाकलं आणि ती निघून गेली. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं की नाही? वाटलं नाही. उलट तेव्हापासून मला झोपेतही तेच. आणि खरं सांगू, भीती मला त्या बाईची नाही, तुमसरकडच्या बाईचीही नाही. भीती माझ्या बहिणीची आहे. लहान सानगडीवाली. गाणं रोवण्याचं, दिवस रोवण्याचा, आणि रोवताना गाणारी ती. असं पाहिलं तर लहान पोरही सांगेल की ते गाणं पोरीनं मेलेल्या आईसाठी लावलं. मग मी कोण? एवढी वर्षं चहात साखर जास्त घालणारी मी कोण? मी तिची आई होते, की आई येईपर्यंत पोर सांभाळणारी शेजारीण? आणि स्वतःच्या मेलेल्या बहिणीशी या वयात मी गाण्यावरून भांडते आहे, हेही दिसतंच आहे मला. दिसतं, पण भांडण थांबत नाही.

आषाढ लागला आणि केंद्रातून प्रकाशभाऊंचा फोन आला. हे प्रकाशभाऊ वनिताच्या शेजारी बसून यंत्रं सांभाळायचे, केस पिकलेला साधा माणूस. म्हणाले, रोवण्याचा कार्यक्रम बंद करायचा नाही असं ठरलंय, पहिलं गाणं घरच्या कुणीतरी येऊन लावावं, तुम्ही या. आमचे हे म्हणाले, "इले माईक देऊन राहिले? मंग बातम्या उद्याच आयका." पण एस.टी.पर्यंत सोडायला स्वतःच आले, आणि खिडकीतून मला पाण्याची बाटली दिली.

गाडीत मी ठरवत होते. माईकवर काय बोलायचं ते माझ्या हातात होतं. मी म्हणू शकत होते, हे गाणं वनिताच्या मोठ्या माईसाठी. संपला विषय. कोण नाही म्हणणार? नाहीतर म्हणायचं, हे गाणं वनिताच्या आईसाठी. तेही सरळ, कुणी समजेल ते समजेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवणा चालला होता. बाया वाकलेल्या, कुठे लाल पन्नी, कुठे निळी. मी प्रत्येक शेताकडे पाहून एकदा हे म्हणून पाहिलं, एकदा ते. भंडारा आला तरी माझं ठरलं नव्हतं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी डकवलेलं, बोललं की आवाज चिखलात पाय रुतावा तसा तिथेच रुततो. हिची अख्खी नोकरी या खोलीत गेली. खिडकी नाही, झाड नाही, आणि इथे बसून ती म्हणायची, आज बोडीत कमळं उमलली आहेत, बघा. तिला कुठून दिसायची? मी प्रकाशभाऊंना म्हटलं, तिचं जुनं बोलणं असेल तर ऐकवा, कुठल्या तरी वर्षी तिनं सांगितलं असेल, कोणती सानगडीवाली ते. ते ओशाळे झाले. कॉम्प्युटर भरून जातो, म्हणाले, मग जुनं पुसावं लागतं, बोलणं तेवढं पुसलं, गाणी ठेवली. म्हणजे बघा. शेतकऱ्याचं धान कोठीत राहतं, सुताराचा पाट राहतो, माझ्या पोरीनं जन्मभर काम केलं आणि ते सगळं पुसून झालं होतं. रागावू तरी कुणावर? ती जे जे बोलली ते कुणाच्या ना कुणाच्या कानात गेलंच असणार. पण कुणाच्या, हे मी कुणाला विचारू?

मग मी सरळच विचारलं, की तुम्हाला काय वाटतं, कोणासाठी होतं ते.

"आम्हाले वाटे, तिच्या गेलेल्या मायसाठी," प्रकाशभाऊ म्हणाले.

"तिनं सांगितलं होतं का तुम्हाले?"

"नाई. तुमच्यासाठी आहे, असंबी कधी वाटे. आम्ही इचारलंच नाई."

म्हणजे तिथेही तेच. सगळ्यांना वाटत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एका ढिवराच्या बाईनं, आणि तिला उत्तर मिळालं होतं, हो म्हणून.

मला खुर्चीवर बसवलं. समोर माईक, त्याच्या तोंडाला काळा स्पंज. प्रकाशभाऊंनी काचेपलीकडून हात खाली केला, म्हणजे बोला. मी बोलू लागले. वनिता कशी होती ते सांगितलं, लाल चपलेची गोष्ट सांगितली, ती घरी गप्प राहायची तेही सांगितलं. बोलताना मला तिची खूप आठवण आली, कारण समोर कुणी दिसत नव्हतं. असं बोलायची ती रोज? आपण बोलतो आहोत आणि पलीकडे माणूस आहे की नाही ठाऊक नाही, तरी आहे असं धरून बोलायचं? घरी येऊन ती का गप्प बसायची ते मला तिथे थोडं थोडं कळल्यासारखं झालं, आणि लगेच निसटलंही. घरी तिला पलीकडचं माणूस दिसत होतं, म्हणून असेल. की नसेलही.

मग गाण्याची वेळ आली. गाडीत घोळवलेली दोन्ही वाक्यं मला पाठ होती. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "हे गाणं सानगडीवालीसाठी." पुढे काही बोलायचं होतं, पण पुढे काही आलं नाही. प्रकाशभाऊंनी गाणं सोडलं.

गाणं संपायच्या आतच फोन वाजू लागला. त्यांनी उचलून माझ्याकडे दिला. एका मुलीचा आवाज, अगदी कोवळा. मागे बायांचा गलका आणि पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, म्हणजे बांधीतूनच बोलत होती. लाखनीकडच्या कुठल्या गावाचं नाव तिनं सांगितलं. लग्न होऊन आली, सासरचा पहिलाच रोवणा. सांगताना दबकत होती, कुणी ऐकेल म्हणून.

"मावशी, मी सानगडीची आहो. ते गानं माह्यासाठी होतं का?"

मी विचार करायला थांबले नाही. "हो," म्हटलं, "तुह्यासाठीच." आणि म्हणताना मला जराही खोटं वाटलं नाही. खोटं वाटायला पाहिजे होतं. मी तिला पाहिलेलं नाही, ती सानगडीच्या कुणाची मुलगी तेही मला ठाऊक नाही, तरी त्या क्षणी ते गाणं तिचंच होतं, दुसऱ्या कुणाचंही नव्हतं. मी एवढी हिशेबी बाई, मला हे कसं पटलं?

पण पोरगी हुशार निघाली. जे मला एवढ्या वर्षांत सुचलं नाही, ते तिला सुचलं.

"कोनं धाडलं, मावशी?"

काचेपलीकडे प्रकाशभाऊ दुसरं गाणं शोधत होते. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सानगडीवालीनं," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली, अशी म्हणाली जणू ती ओळखत होती तिला. मागून कुणीतरी हाक मारली, सानगडीवाली, पेंडी आन व, आणि ती "आली आली" म्हणत फोन ठेवून गेली. मी फोन खाली ठेवला. तिनं कोणती समजली असेल? आणि मी तरी कोणती म्हटली, मोठी की लहान?